स्थापना १९३४

एली तन्नूसला जुनेपणा हवाय,
पुढच्या गुरुवारपर्यंत.

जुफैरमधलं हॉटेल, सहावा मजला,
लिफ्टमधून उतरलं की डावीकडे,
जिथे परवापर्यंत इस्त्रीचे कपडे लटकायचे
तिथे त्याचा बार उघडतोय.
नाव : पर्सर.
मुंबईहून बसऱ्याला जाणाऱ्या बोटींवर
पैशाचा हिशेब ठेवायचा, तो माणूस.
रस्त्यावर पाटी लावायची नाही, हॉटेलवाल्यांनी बजावलंय.
म्हणजे मी अशी ओळख बनवतेय
जी कुणाला पटू नये
सहा मजले चढून येईपर्यंत.

तो फोनवर फोटो दाखवतो.
पांढऱ्या सुटांतली माणसं, कठड्याला रेललेली,
हातात पेले, मागे करडा समुद्र.
कोपऱ्यात एक खलाशी, बादलीसकट, अर्धाच आलेला.
"याला काप," एली म्हणतो, "फ्रेम स्वच्छ होईल."
कापला.
फाइल मात्र दोन नावांनी ठेवली.

रंग ठरले. बाटलीचा हिरवा, चहाच्या डागाचा पिवळट,
आणि सोनेरी वर्ख, चौरस सेंटिमीटरच्या भावाने.
जुनं ते सोनं म्हणतात
ते कुंजुमोनच्या छापखान्यात अक्षरशः खरं आहे,
तो कॅल्क्युलेटर माझ्याकडे वळवतो.
मी अक्षरं आधी नीट काढते
आणि मग दोन दिवस खरवडत बसते.
लेयरला नाव दिलंय : गंज ३.
गंज १ फारच खरा वाटत होता.

बाबा हर्णैच्या बंदरात होड्यांची नावं रंगवायचे,
नारळी पौर्णिमा तोंडावर आली की रात्रीसुद्धा, कंदिलापाशी.
खारं पाणी वर्षभरात सगळं चाटून न्यायचं,
तांडेल कुरकुरत परत यायचे.
उडालेल्या रंगाचे इथे पैसे मिळतात
हे त्यांना सांगितलं असतं
तर ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवून
त्यांनी एवढंच विचारलं असतं :
रोख की उधार?

नाव झालं की शेवटी एक रेघ असायची,
होडीच्या पोटावरून, नाळेपासून मागच्या फळीपर्यंत,
पट्टी न लावता, श्वास रोखून.
"इथवर समुद्राचं," ते म्हणायचे. "वरचं आपलं."

काल रात्री एलीचा निरोप :
खाली बारीक अक्षरांत टाक, स्थापना १९३४.
मी जुना नकाशा शोधून उघडला.
खोड आहे, दुसरं काही नाही.
चौतीस साली हा तुकडाच नव्हता.
जिथे बर्फाचं मशीन बसवतायत
तिथे भरतीला वावभर पाणी,
आणि पाण्यात मासे अडवायला रोवलेल्या
खजुराच्या काठ्यांचं कुंपण.

सांगावं का त्याला?
अर्नेल काउंटरमागे पेले पुसत होता,
उजेडाला धरून, परत पुसून.
"मॅम," तो हळूच म्हणाला,
"ते साल नाहीये. बॉसच्या गाडीचा नंबर आहे."

मी साल टाकलं.
आणि नावावरून, अक्षरांच्या कमरेतून,
एक रेघ ओढली, केसाएवढी, हाताने.
रेघेखालची अक्षरं किंचित फिकी केली.

गुरुवारी एलीने कागद लांब धरला, जवळ धरला.
"ही रेघ कसली?"
"बॅलन्ससाठी."
"छान आहे," तो म्हणाला. "जुनी वाटते."

कोस्टरचा पहिला नमुना मी घरी आणला.
ऑगस्ट. गॅलरीत हवा अशी
की पिळली तर ओंजळ भरेल.
त्यावर गार पाण्याचा पेला ठेवला,
मिनिटाभरात त्याला घाम फुटला,
बुडाशी पाणी साचलं, पुठ्ठ्यात शिरलं,
अक्षरांच्या पायांना लागलं.

कुठवर चढतं
ते बघत बसलेय.